हिरवळीतील हुमणी आणि बागेतील भुंगेरे: ओळख, मोजणी आणि वेळेवर करायचे उपाय

हिरवळीचा एखादा पट्टा पाणी देऊनही पिवळा पडू लागला, की बहुतेक लोक आधी पाणी वाढवतात, मग खत टाकतात आणि तरीही फरक पडला नाही तर बुरशीनाशक फवारतात. यात तीन-चार आठवडे सहज निघून जातात. शेवटी कोणीतरी ते गवत मुठीत धरून ओढतो आणि ते मुळांशिवाय, चटई उचलावी तसे अलगद हातात येते. खालच्या मातीत पांढुरक्या, जाडसर, अर्धगोलात वळलेल्या अळ्या पडलेल्या असतात. हीच हुमणी. दुर्दैवाने या टप्प्यावर सापडलेल्या अळ्या बहुधा पूर्ण वाढलेल्या असतात आणि त्या वयात त्यांच्यावर फार थोडे उपाय चालतात. हुमणीच्या बाबतीत उपाय फसतो तो औषध चुकल्यामुळे क्वचितच; वेळ चुकल्यामुळे मात्र तो नेहमी फसतो. म्हणून आधी किडीचा जीवनक्रम नीट समजून घ्यावा.

किडीचे वर्ष कसे जाते

हुमणी ही भुंगेऱ्याची अळी आहे. मादी भुंगेरा ओलसर मातीत पाच ते दहा सेंटिमीटर खोलीवर अंडी घालते. ही अंडी मातीतील ओल शोषून फुगतात आणि साधारण दोन आठवड्यांत उबतात. माती कोरडी राहिली तर अंडी सुकून मरतात, ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे. अळी दोनदा कात टाकते, म्हणजे तिच्या वाढीच्या तीन अवस्था होतात. पहिल्या दोन अवस्थांत ती लहान असते, बारीक मुळे खाते आणि वरून काहीच कळत नाही. तिसऱ्या अवस्थेत तिची भूक एकदम वाढते आणि हिरवळीचे बहुतेक नुकसान याच काळात होते. त्यानंतर ती खोल मातीत उतरते, कोषात जाते आणि कोषातून भुंगेरा तयार होतो.

हे चक्र सर्व जातींमध्ये सारख्या वेळात पूर्ण होत नाही. जपानी भुंगेरा एका वर्षात चक्र पूर्ण करतो आणि त्यातले जवळजवळ दहा महिने तो अळीच्या रूपात जमिनीत असतो. युरोपातील मोठे तपकिरी भुंगेरे किंवा उत्तर अमेरिकेतील मे-जून भुंगेरे यांना तीन-तीन वर्षे लागतात, त्यामुळे तेथे एकाच मातीत वेगवेगळ्या वयाच्या अळ्या आढळतात. थंड प्रदेशात भुंगेरे उन्हाळ्यात बाहेर येतात आणि हिवाळ्यात अळ्या गोठणाऱ्या थराच्या खाली सरकतात. जिथे ठरावीक पावसाळा असतो तिथे भुंगेरा जमिनीतच थांबून राहतो आणि पहिला दमदार पाऊस झाला, की संध्याकाळी अंधार पडता पडता थव्याने बाहेर पडतो, कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर बसतो, रात्रभर पाने खातो आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा मातीत शिरतो. आपल्या बागेत भुंगेरे पहिल्यांदा कधी दिसले ती तारीख लिहून ठेवावी. पुढची सगळी कामे त्या तारखेपासून मोजायची आहेत.

अळी नीट ओळखा

मातीत सापडलेली प्रत्येक पांढरी अळी शत्रू नसते. हुमणीचे शरीर दुधी रंगाचे, डोके तपकिरी आणि कडक असते, डोक्यामागे पायांच्या तीन जोड्या असतात आणि शेपटाकडचा भाग आतल्या मातीमुळे काळपट दिसतो. कुंडीत सापडलेल्या अळीला पायच नसतील, तर ती सोंड्या भुंग्याची अळी आहे. अळी राखाडी किंवा मातकट असून तिला पोटाखालीही मांसल पाय असतील, तर ते पतंगाचे सुरवंट आहे आणि त्याचे उपाय वेगळे आहेत.

एक सोपी परीक्षा मला फार आवडते. अळी सपाट फरशीवर ठेवावी आणि अर्धा मिनिट तिला हात लावू नये. ती अंग सरळ करून पाठीवर उलटी झाली आणि पाय वर ठेवून, पाठीच्या स्नायूंच्या लाटांनी भराभर पुढे सरकू लागली, तर ती फुलभुंगेऱ्यांच्या गटातील अळी आहे. कंपोस्टच्या ढिगात बहुधा याच सापडतात. त्यांतल्या बऱ्याच कुजलेला पालापाचोळा खातात आणि खत बनवायला मदतच करतात, त्यामुळे त्या मारू नयेत. हिरवळीची मुळे खाणारी नेहमीची हुमणी मात्र फरशीवर कुशीवर पडून राहते आणि पुन्हा अर्धगोलात वळते.

जात ओळखायची असेल तर दहापट मोठे दाखवणारे भिंग हवे. अळीच्या शेवटच्या खंडाच्या खालच्या बाजूला राठ केसांची एक ठरावीक रचना असते आणि ती प्रत्येक जातीत वेगळी असते. जपानी भुंगेऱ्याच्या अळीत हे केस इंग्रजी V अक्षरासारख्या कोनात, दोन रांगांत मांडलेले असतात. घरच्या बागेसाठी एवढ्या खोलात जाण्याची गरज प्रत्येक वेळी पडत नाही, पण एखाद्याच जातीवर चालणारा जैविक उपाय विकत घ्यायचा असेल तर ही तपासणी आधीच करावी.

उपायाआधी मोजणी

पक्षी एकाच जागी सतत चोची मारताना दिसणे, रात्रीतून हिरवळ उकरली जाणे, चालताना पायाखाली जमीन स्पंजासारखी मऊ लागणे, ही बाहेरची लक्षणे. आणखी एक लक्षण बरेच जण पाहतात पण त्याचा अर्थ लावत नाहीत. काळसर, केसाळ गांधीलमाश्या हिरवळीच्या अगदी वरून, घिरट्या घालत संथपणे उडत असतात. या माश्या हुमणीवर आपली अंडी घालतात. त्या सहसा कोणाला डंख करत नाहीत. त्या दिसल्या तर घाबरून फवारणी करू नये, त्या जिथे घिरट्या घालतात तिथली माती उघडून पाहावी.

मोजणी भुंगेरे दिसल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी करावी. त्या वेळी अंडी उबलेली असतात आणि बऱ्याच अळ्या अजून लहान असतात. धारदार कुदळीने किंवा रुंद खुरप्याने तीस सेंटिमीटर लांब-रुंद चौकोनाच्या तीन बाजू कापाव्यात, खोली सात-आठ सेंटिमीटर ठेवावी आणि चौथी बाजू न कापता गवताची घडी वहीच्या पानासारखी मागे उलटावी. मुळांना चिकटलेली माती हाताने चोळून एखाद्या पसरट घमेल्यात पाडावी आणि त्याखालचीही माती बोटांनी मोकळी करावी. पहिल्या अवस्थेतील अळी तांदळाच्या दाण्याएवढी किंवा त्याहूनही लहान असते आणि घाई केली तर ती हमखास सुटते. मोजून झाले की माती परत भरून घडी मिटवावी, पायाने हलकेच दाबावी आणि त्या जागी पाणी द्यावे. असा चौकोन काही दिवसांत पुन्हा रुजतो.

मध्यम आकाराच्या हिरवळीत असे सात-आठ चौकोन तरी उघडावेत. ते सगळे पिवळ्या भागात घेऊ नयेत, कारण मेलेल्या गवताखाली खायला काही उरलेले नसते आणि अळ्या कडेच्या हिरव्या भागाकडे सरकलेल्या असतात. पिवळे आणि हिरवे जिथे भेटते ती कड, उताराची उन्हाची बाजू आणि रात्रभर दिवा जळतो त्याभोवतीची जागा, या तीन ठिकाणी आधी पाहावे. मी एकदा एकाच हिरवळीत दिव्याच्या खांबापाशी एका चौकोनात चौदा अळ्या मोजल्या होत्या आणि दहा पावलांवरच्या चौकोनात एकच. त्या वर्षी सगळ्या हिरवळीवर औषध टाकले असते तर त्यातले बहुतेक वाया गेले असते.

किती अळ्या म्हणजे जास्त, याचे उत्तर गवताच्या तब्येतीवर अवलंबून आहे. खोल मुळांच्या, नीट पाणी मिळणाऱ्या हिरवळीत एका चौकोनात पाचपर्यंत अळ्या असल्या तरी गवत नवी मुळे फोडून नुकसान भरून काढते. पाच ते दहा अळ्या असतील तर लक्ष ठेवावे, पाणी वाढवावे आणि गवत आधीच अशक्त असेल तर उपाय करावा. दहापेक्षा जास्त अळ्या असतील तर थांबू नये. मोठ्या आकाराच्या, तीन वर्षे जगणाऱ्या जातींसाठी ही मर्यादा कमी धरावी, कारण त्यांच्या तीन-चार अळ्याही पुरेसे नुकसान करतात. मोजणीत अळ्याच सापडल्या नाहीत, तर गवत पिवळे पडण्याचे कारण दुसरे आहे हे मान्य करून तिकडे वळावे.

भुंगेऱ्यांचा बंदोबस्त

वर उडणारे भुंगेरे मारले म्हणजे हिरवळीतली हुमणी संपेल, असे समजू नये, कारण भुंगेरे दुरूनही उडत येतात. तरीही गुलाब, द्राक्षवेल किंवा फळझाडे वाचवण्यासाठी भुंगेरे वेचणे आवश्यक आहे. जपानी भुंगेरा पानाच्या शिरा सोडून मधला गर खातो आणि पानाची जाळी करून ठेवतो. कुरतडलेल्या पानातून जो वास सुटतो तो इतर भुंगेऱ्यांना बोलावून आणतो. म्हणून पहिले चार-पाच भुंगेरे दिसताच वेचले तर पुढची गर्दी पुष्कळ कमी होते. सकाळी लवकर, हवा गार असताना ते सुस्त असतात. पसरट भांड्यात साबणाचे पाणी घेऊन ते फांदीखाली धरावे आणि फांदीला टिचकी मारावी. धोका जाणवला की भुंगेरे पाय सोडून सरळ खाली पडतात आणि पाण्यातच बुडतात. रात्री खाणाऱ्या जातींसाठी हेच काम अंधार पडल्यावर, विजेरी घेऊन आणि फांद्या हलवून खाली पसरलेल्या चादरीवर करावे लागते.

वासाचे सापळे मात्र घरच्या बागेत लावू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ते जितके भुंगेरे पकडतात त्याहून जास्त भुंगेरे परिसरात ओढून आणतात आणि त्यांतले बरेच सापळ्यात न जाता शेजारच्या झाडांवर बसतात. प्रकाश सापळ्याचा उपयोग होतो, पण तो भुंगेरे बाहेर पडण्याच्या मोजक्या दिवसांत, सूर्यास्तानंतरचे दोन-तीन तासच लावावा. रात्रभर चालू ठेवला तर त्यात निरुपद्रवी पतंग आणि उपयोगी कीटकही मरतात. सापळा लावण्याआधी बागेतले इतर दिवे बंद करावेत, नाहीतर प्रत्येक दिवा हाच एक सापळा होतो आणि त्याखाली अंडी घातली जातात.

पाणी आणि कापणी

अंडी घालण्याच्या काळात मादी ओलसर, आखूड कापलेली, उन्हातली हिरवळ निवडते. या तीन-चार आठवड्यांत गवत सहन करेल इतके पाणी कमी केले आणि गवत सहा ते आठ सेंटिमीटर उंच राखले, तर अंडीही कमी पडतात आणि पडलेल्यांपैकी बरीच उबत नाहीत. जिथे भुंगेरे पावसाबरोबरच येतात तिथे पाणी तोडण्याचा हा उपाय अर्थातच चालत नाही. तिथे गवताची उंची आणि दिवे एवढेच आपल्या हातात राहते. उलट, अळ्या मोठ्या होऊन मुळे खाऊ लागल्या, की पाणी वाढवावे. अर्धी मुळे तुटलेले गवत नियमित ओल मिळाली तर तग धरते.

हिरवळीच्या बुडाशी मेलेल्या काड्या आणि मुळांचा जो थर साचतो, ज्याला थॅच म्हणतात, तो सव्वा सेंटिमीटरपेक्षा जाड होऊ देऊ नये. वरून दिलेला जैविक किंवा रासायनिक उपाय या थरातच अडकतो आणि अळीपर्यंत पोहोचत नाही. दाताळ्याने तो थर खरडून काढणे, हे औषध टाकण्याआधीचे पहिले काम आहे.

सूत्रकृमी: सर्वांत खात्रीचा जैविक उपाय

कीटकांना मारणारे सूत्रकृमी डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक असतात. हुमणीसाठी हेटेरोरॅब्डायटिस बॅक्टेरिओफोरा ही जात मागावी. ती मातीत हालचाल करून अळीला शोधते, तिच्या शरीरात शिरते आणि आपल्या पोटातले जिवाणू तिथे सोडते. त्या जिवाणूंमुळे अळी दोन-तीन दिवसांत मरते. स्टेनरनेमा कार्पोकॅप्से ही जातही बाजारात मिळते, पण ती बहुधा मातीच्या पृष्ठभागाजवळ सावजाची वाट पाहत थांबते आणि खोलवरच्या हुमणीवर तिचा उपयोग कमी होतो. पुडीवरचे नाव वाचल्याशिवाय घेऊ नये.

हे जिवंत प्राणी आहेत, त्यामुळे त्यांना हाताळण्यात कसूर झाली तर आपण केवळ पाणीच शिंपडतो. पुडी आल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवावी, गोठू देऊ नये आणि मुदतीच्या आत वापरावी. मातीचे तापमान १२ अंशांपेक्षा जास्त आणि ३० अंशांपेक्षा कमी असावे. मात्रा दर चौरस मीटरला अडीच ते पाच लाख, म्हणजे १०० चौरस मीटर हिरवळीला अडीच ते पाच कोटी सूत्रकृमी. आधी हिरवळ भिजवून घ्यावी. सूत्रकृमी बादलीभर साध्या पाण्यात कालवावेत आणि तळाशी बसू नयेत म्हणून ढवळत राहावे. पंप वापरायचा असेल तर नोझलमागची बारीक जाळी काढून टाकावी, कारण तिच्यात ते अडकतात. झारी वापरली तर हा प्रश्नच येत नाही. हे काम संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी करावे. कडक उन्हातील अतिनील किरणांनी ते थोड्याच वेळात मरतात. शिंपडून होताच पुन्हा पाणी द्यावे, म्हणजे गवताच्या पात्यांवरचे सूत्रकृमी मातीत उतरतील, आणि पुढचे दोन आठवडे माती ओली ठेवावी.

दहा-बारा दिवसांनी एक चौकोन पुन्हा उघडून पाहावा. उपाय लागू पडला असेल तर दुधी अळ्यांमध्ये विटकरी-तांबड्या, लिबलिबीत झालेल्या अळ्या दिसतात. अशी एखादी अळी पाण्याच्या थेंबात फोडून भिंगाखाली धरली, तर आत बारीक धाग्यांसारखी वळवळ दिसते. या अळ्या काढून टाकू नयेत, त्यांच्यातून बाहेर पडणारे हजारो सूत्रकृमी पुढच्या अळ्या शोधतात.

मेटारायझियम ही परोपजीवी बुरशी दुसरा चांगला उपाय आहे. १८७९ मध्ये रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह यांनी धान्यपिकावरील भुंगेऱ्यांविरुद्ध तिचा वापर करून पाहिला होता, म्हणजे कल्पना नवी नाही. बीजाणू अळीच्या कातडीतून आत शिरतात आणि मेलेल्या अळीवर हिरवट पूड येते. परिणामाला आठवडे लागतात, म्हणून ती अळ्या लहान असताना, पूर्ण कुजलेल्या खतात मिसळून ओल्या मातीत द्यावी आणि त्या सुमारास बुरशीनाशक वापरू नये. अळीचे शरीर दुधासारखे पांढरे करणाऱ्या दुधी रोगाचा जिवाणू जपानी भुंगेऱ्याच्या अळीपुरताच उपयोगी आहे, त्याला वर्षे लागतात आणि त्याचे परिणाम सर्वत्र सारखे आलेले नाहीत. सुरवंटांसाठी विकला जाणारा बीटी कुर्स्टाकी जिवाणू हुमणीवर अजिबात चालत नाही.

रासायनिक औषध घ्यावेच लागले तर

मोजणी मर्यादेबाहेर गेली आणि जैविक उपायाची वेळ टळली, तरच हा मार्ग घ्यावा. ही औषधे दोन प्रकारची असतात. क्लोरँट्रानिलिप्रोलसारखी औषधे प्रतिबंधक आहेत. ती सावकाश मातीत उतरतात, म्हणून अंडी उबण्याच्या काही आठवडे आधी द्यावी लागतात आणि मोठ्या अळ्यांवर फारशी चालत नाहीत. मधमाश्यांना त्यांचा धोका तुलनेने कमी असतो. इमिडाक्लोप्रिडही प्रतिबंधक आहे, पण ते मधमाश्यांना अतिशय घातक आहे. युरोपीय संघाने २०१८ मध्ये त्याच्यासह निओनिकोटिनॉइड (कीटकांच्या मज्जासंस्थेवर काम करणाऱ्या) गटातील तीन औषधांचा उघड्यावरील वापर बंद केला. जिथे त्याला परवानगी आहे तिथेही ते वापरू नये, असे मी म्हणेन. वापरायचेच ठरले तर हिरवळीतील फुललेले तण आधी कापून टाकावे. मोठ्या अळ्यांसाठीची औषधे जलद मारतात, पण माणसे, पक्षी आणि गांडुळांसाठी जास्त विषारी असतात.

कोणतेही औषध असो, आपल्या भागात ते हिरवळीसाठी मंजूर आहे का, हे लेबलवर पाहावे आणि लिहिलेलीच मात्रा घ्यावी. औषध मातीत उतरवण्यासाठी साधारण १२ मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे दर चौरस मीटरला १२ लिटर. हिरवळीवर सपाट बुडाचा डबा ठेवून त्यात किती पाणी साचले ते पट्टीने मोजता येते. जोराच्या पावसाच्या तोंडावर औषध टाकू नये आणि गवत पूर्ण वाळेपर्यंत मुले व पाळीव प्राणी तिथे जाऊ देऊ नयेत.

वाफे, कुंड्या आणि नवी रोपे

वाफ्यांमध्ये काम सोपे असते. लागवडीआधी माती वीस-पंचवीस सेंटिमीटर खोल उलटून दोन-तीन दिवस उघडी ठेवावी. पक्षी उरलेले काम करतात. अर्धकच्चे शेणखत घालू नये, कारण गेंड्या भुंगेऱ्याच्या अंगठ्याएवढ्या अळ्या त्यातूनच येतात. कुंडीतले रोप कारण नसताना सुकत असेल, तर ते मातीसकट उपडे करून पाहावे, अळ्या वेचाव्यात आणि नव्या मातीत लावावे.

बाहेरून आणलेल्या रोपांची आणि गवताच्या तयार पट्ट्यांची मातीही तपासावी. जपानी भुंगेरा अमेरिकेत १९१६ मध्ये प्रथम सापडला तो न्यू जर्सीतील एका रोपवाटिकेजवळच, आणि तिथून तो अनेक राज्यांत पसरला.

मेलेल्या जागेची दुरुस्ती

उपाय लागू पडल्याची खात्री झाल्याशिवाय नवे गवत लावू नये. सैल झालेली चटई उचलून उरलेल्या अळ्या वेचाव्यात, माती भुरभुरीत करून पातळ थराने चाळलेले कंपोस्ट पसरावे आणि बी पेरावे किंवा पट्टे लावावेत. जिथे थोडी मुळे शिल्लक आहेत तिथे गवत दाबून, रोज हलके पाणी दिले तर ते बहुधा परत धरते. या जागांची खूण करून ठेवावी, कारण पुढच्या हंगामात भुंगेरे दिसल्यानंतर सहा आठवड्यांनी पहिला चौकोन इथेच उघडायचा आहे.